अर्थ सांगू नका

मंगळवार, ४ मार्च

न कळणाऱ्या भाषा ऐकत बसणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो! तुम्ही कुठं कुठं विखुरलेले आहात मला ठाऊक नाही. कोणी स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून उभं असेल. कोणी बसमध्ये मागच्या सीटवरच्या परक्या बायकांचं बोलणं ऐकता यावं म्हणून आपला स्टॉप सोडून पुढं गेलं असेल. आपल्याला जन्मभर एकाच प्रश्नानं छळलेलं आहे: "तुला त्यातलं कळतं का काही?" नाही कळत! गवयाच्या तानेला कोणी अर्थ विचारतं का? मग माणसाच्या नुसत्या बोलण्यावर जीव जडवायला आम्हालाच परवाना का लागावा?

एवढं लिहून झालं आणि हिनं खांद्यावरून वाचलं.

"अहो, जेवणाच्या टेबलावर भाषणं होऊ नयेत म्हणून ही वही आणून दिली मी. हिच्यातही सभाच भरवलीत?"

तर सभा बरखास्त. साधं लिहितो. मी लाँड्रीत धुलाई विभागात सव्वीस वर्षं आहे. इस्पितळं आणि हॉटेलं यांच्या चादरी आमच्याकडं येतात. त्यातली अकरा वर्षं मी युनियनचा सेक्रेटरी आहे. बोलणं हे माझं हत्यार. पण ते मी पुस्तकांतून जेवढं घासलं त्याहून जास्त रोज पहाटेच्या रेडिओवर घासलं. कामाला निघण्यापूर्वी पाऊण तास मी दूरदूरची स्टेशनं लावतो. एक भाषा आहे, तिच्यात शब्द ओली चादर झटकल्यासारखे फटकन पडतात. दुसरी अशी की बोलणारा सतत काहीतरी कोमट गिळतोय असं वाटतं. त्यांची नावं मी मुद्दाम शोधत नाही. अर्थ कळला की भाषा बाजाराची होते, भाव सांगायला लागते. आवाज तेवढा सगळ्यांचा असतो. हे माझं मत आहे आणि मी ते कुठल्याही व्यासपीठावर सिद्ध करून दाखवीन.

"आधी डबा उचला," ही म्हणाली.

शुक्रवार, ७ मार्च

आज कान धन्य झाले.

इस्त्री विभागात कंत्राटदारानं आठ बायका नव्या आणल्यात. कुठल्या देशाच्या ते मुकादमाला ठाऊक. युनियनचा सेक्रेटरी म्हणून मी दुपारच्या सुट्टीत तिकडं गेलो. मोठ्या रोलरवर दोघी-दोघी उभ्या राहून ओल्या चादरी आत सरकवतात, पलीकडून त्या वाळून, इस्त्री होऊन बाहेर येतात. धुलाईकडं आमचे पाय कायम ओले, इथं मात्र भट्टीत शिरल्यासारखं वाटतं.

त्या बायका मागच्या भिंतीशी गठ्ठ्यांवर बसून जेवत होत्या. त्यांच्यातली एक चाळिशीची, रुंद खांद्यांची. तिनं शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. असा खर्ज मी पुरुषात ऐकला नाही. आवाज पोटातून निघत होता, पण जड नव्हता. शब्दांची टोकं गोल होती आणि प्रत्येक वाक्य शेवटी जिना उतरल्यासारखं पायरी-पायरीनं खाली येत होतं. मी मनात तिचं नाव ठेवलं खर्जवाली.

तिनं मला ओळखलं. नोटीस बोर्डावर माझा माइकसमोरचा फोटो आहे ना. हात पुसून ती थेट माझ्याकडं आली आणि बोलायला लागली. बैठकींचा वृत्तान्त टिपायला युनियनचा छोटा रेकॉर्डर माझ्या खिशात असतो. तो काढून मी तिच्यासमोर धरला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. हळू, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून. कलावंताला माइक दिसला की असंच होतं. मला विचारा!

सोमवार, १० मार्च

आज पुन्हा. तिचं पालुपद माझ्या लक्षात आलं. रोज सुरुवातीला तेच चार आखूड शब्द, मग एक लांब उतार. शेवटी ती बोटानं रेकॉर्डरवर दोनदा टकटक करते. सम दाखवल्यासारखी.

बुधवार, १२ मार्च

पहाटे रेडिओ लावलाच नाही, तिचंच रेकॉर्डिंग लावलं. हिला म्हटलं, ऐक. ही भाकरीचं पीठ मळता मळता ऐकत होती.

मी तिच्यासमोर खर्जवालीची नक्कल केली. बोलताना ती काय करते, तर उजवा हात पंजा पालथा करून सावकाश पुढं नेते आणि एकदम झटक्यात मागं ओढते. डाव्या हातानं मनगट धरते. गाणाऱ्या बायका हातांनी जागा दाखवतात तसं.

हिचे हात पिठात थांबले. लग्नाआधी आणि नंतरही मिळून बारा वर्षं ही आमच्याच लाँड्रीत रोलरवर होती.

"कुठल्या मशीनवर आहे ती?"

"तीन की चार. का?"

"आणि दांडी मोकळी आहे ना तिथली?"

दांडी म्हणजे रोलरच्या तोंडाशी असलेली आडवी पट्टी. बोटं तिला लागली की रोलर जागच्या जागी थांबतो.

"मी तुला आवाजाबद्दल सांगतोय आणि तू मशीन काढतेस," मी म्हणालो.

"ती बाई काय म्हणते, ते विचारलंत का तिला?"

"कुठल्या भाषेत विचारू?"

"अकरा वर्षं सगळ्या जगाला विचारत फिरता, मालक जाब द्या म्हणून. एका बाईला विचारायला भाषा नाही होय तुमच्याकडं?"

हिच्याशी वाद घालताना मला नेहमी माइक नसल्याची उणीव भासते.

शनिवार, १५ मार्च

मुकादम आज मध्येच आला. कंत्राटदाराचा माणूस. तोंडात सतत लवंग, आणि बोलतो नेहमी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून. त्या बायकांची भाषा त्याला मोडकीतोडकी येते, त्या जोरावरच त्याला नोकरी आहे.

खर्जवालीचं पालुपद झालं होतं. मी डोळे मिटले होते. मुकादम माझ्या कानाशी म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, ती म्हणतेय की—"

मी हात वर केला. "अर्थ सांगू नका! मला अर्थ नको. अर्थ सांगितलात तर सगळं मातीत जाईल."

तो हसला. "बरं. जशी तुमची इच्छा." आणि तिला तिच्या भाषेत दोन शब्द सुनावले. त्याच्या तोंडी ती भाषा अजिबात शोभत नाही. खिळे चघळल्यासारखी वाटते.

ती गप्प झाली. मी म्हटलं, "वा!" म्हणजे तिला वाईट वाटू नये म्हणून.

मंगळवार, १८ मार्च

आज ती रोलरवर नव्हती. घड्या घालायच्या टेबलाशी उभी होती, आणि मुकादम तिच्यावर तावातावानं ओरडत होता. तीन नंबरवर दुसऱ्या दोघी होत्या, घाबरत घाबरत लांबूनच चादर टाकत होत्या. नवख्या असतील.

मला पाहून ती धावत आली. आज लय द्रुत होती. एरवीचा जिना आज ती दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. मी भारावून म्हणालो, "वा! परत एकदा!" आणि बोटानं खूण केली. ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग परत बोलली, पहिल्यापेक्षा सावकाश, लहान मुलाला समजवावं तशी.

पालुपद मला आता पाठ आहे. चादरी यंत्रात भरताना मी ते तिच्याच चढउतारांत म्हणतो. शेजारचा विचारतो, "सेक्रेटरी, मंतर म्हणताय का?"

शुक्रवार, २१ मार्च

काय सांगू! हजार सभा केल्या असतील, अशी झाली नाही.

कंपनी रोलरचा वेग वाढवणार आहे, त्याविरुद्ध सुट्टीत गेट मीटिंग होती. चार एप्रिलला संपासाठी मतदान आहे. सहाशे माणूस जमलं. मी पंचवीस मिनिटं बोललो. घाम, वाफ, फुटलेल्या टाचा, सगळं काढलं. आणि शेवटी मला सुचलं. मागं कंपाउंडच्या भिंतीशी त्या आठ जणी उभ्या होत्या. त्यांच्यासारख्या कंत्राटी बायकांना युनियनमध्ये घ्यायचा ठराव दोन वर्षं नुसता धूळ खात पडलाय. मी त्यांच्याकडं हात केला, म्हणालो, "या आपल्या बहिणी! भाषा वेगळी, घाम एकच!" आणि माइकवर, पूर्ण छातीनं, खर्जवालीचं पालुपद म्हटलं. एकेका चढउतारासकट. दोनदा.

टाळ्यांचा कडकडाट. आमच्या लोकांना काही कळलं नाही, पण नाद भिडला. त्या आठ जणी तर पुढंच आल्या. एकीनं तोंडावर हात धरला होता. दोघी रडत होत्या. खर्जवालीनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला.

मुकादम गेटापाशी उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पडणारच. कामगारांची एकजूट पाहिली की मालकाच्या माणसांना कापरं भरतं.

खजिनदार म्हणाला, "सेक्रेटरी, आज तुम्ही दगडाला पाझर फोडलात."

भावांनो, आणखी काय पुरावा हवा? अर्थावाचून, नुसत्या आवाजानं मी आठ परक्या बायकांच्या काळजाला हात घातला!

शनिवार, २२ मार्च

खर्जवाली पुन्हा तीन नंबरवर रुजू. लांबून मला पाहिलं आणि हसली. मान हलवून, डोळे मिटून. पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं. आज बोलायला आली नाही. रेकॉर्डर घेऊन गेलो होतो, थोडा हिरमुसलो.

सोमवार, २४ मार्च

अकरा वीसला.

मी धुलाईकडं होतो. मशीनच्या आवाजातूनही ऐकू आलं. त्या ओरडण्याला कुठलीच भाषा नव्हती. सगळा कारखाना पळाला.

कोणीतरी भिंतीवरचा मुख्य खटका पाडला होता. उजवा हात. मनगटाच्या वरपर्यंत. रोलर उघडून काढायला नऊ मिनिटं लागली. मी तिचा खांदा धरून उभा होतो. ती शुद्धीवर होती. माझ्याकडं बघून तेच म्हणत होती. पालुपद. तेच चार शब्द आणि तोच उतार, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा.

आणखी काही लिहवत नाही.

बुधवार, २६ मार्च

नोटीस लागली. "कंत्राटी कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात. मशीनबाबत कोणतीही तक्रार कोणत्याही अधिकाऱ्याकडे अथवा पर्यवेक्षकाकडे आलेली नव्हती." दोन एप्रिलला सकाळी दहाला चौकशी. ती उरकली की कंत्राटदार तिला तीन तारखेला तिच्या देशात परत पाठवणार. निष्काळजी ठरली की उपचार बंद, इथं राहायचा परवाना बंद. एका हाताच्या बाईला गाडीत बसवून मोकळे.

मी चिडलो. दुपारी पत्रक लिहायला बसलो, चार पानं झाली.

ही म्हणाली, "पत्रक ठेवा बाजूला. तो रेकॉर्डर कुठंय?"

"त्यात काय? त्यात तिचं बोलणं आहे."

"तेच तर विचारतेय."

मी हिच्याकडं पाहिलं. हिनं आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेवला, हळूच पुढं नेला आणि झटक्यात मागं घेतला.

शुक्रवार, २८ मार्च

हिच्या ओळखीची एक बाई कोर्टात त्या बायकांच्या भाषेच्या दुभाष्याचं काम करते. ती आज संध्याकाळी घरी आली. पन्नाशीची, चष्मा साखळीला अडकवलेला, चेहऱ्यावर काही न दाखवायची सवय. मी तिला रेकॉर्डर दिला. सगळी मिळून अकरा रेकॉर्डिंग.

पहिलं ऐकलं. तिनं ते थांबवलं. "म्हणते, मशीन तीन. दांडी दाबली तरी थांबत नाही. लिहून घ्या."

"पुढं?"

"तारीख सांगते, स्वतःचं नाव सांगते. ओळखपत्राचा नंबर. मग कसं होतं ते सांगते: चादरीबरोबर हात आत ओढला जातो, दांडी दाबावी तर रोलर तसाच फिरतो, झटक्यात हात काढावा लागतो. साक्षीदार म्हणून शेजारणीचं नाव देते. शेवटी म्हणते, 'झालं का लिहून?'"

टकटक. सम.

दुसरं. तिसरं. दुभाषी एका सुरात सांगत गेली. मशीन तीन, दांडी दाबली तरी थांबत नाही. मशीन तीन, दांडी दाबली तरी थांबत नाही. तिला वाटलं मी तिची तक्रार नोंदवतोय. नाही तर सेक्रेटरी हातात यंत्र घेऊन रोज का येईल?

पंधरा तारखेचं लागलं. मुकादम म्हणतो, "ती म्हणतेय की—" आणि मग माझा आवाज. माझा! सभा गाजवणारा! "अर्थ सांगू नका! मला अर्थ नको." मग मुकादमाचे दोन शब्द.

"काय म्हणाला तो?" हिनं विचारलं.

"'कळलं. गप्प बस.'"

नंतर माझं "वा!"

अठरा तारखेचं. "'त्यांनी मला आज मशीनवरून काढलं कारण मी नाही म्हटलं. आता तिथं दोन पोरी आहेत. त्या घाबरतात, पण त्यांना नाही म्हणता येत नाही. साहेब, आज काहीतरी करा.'" मग माझं "वा! परत एकदा!" मग तेच सगळं पुन्हा, सावकाश.

दुभाषीनं चष्मा काढून पुसला. "मी बावीस वर्षं कोर्टात आहे," ती म्हणाली. "खोटं बोलणारे पाहिले, न ऐकणारे पाहिले. तुमच्यासारखं मन लावून ऐकणारं कोणी पाहिलं नाही."

आणि एकवीस तारीख! मी माइकवरून काय म्हणालो? सहाशे माणसांसमोर, पूर्ण छातीनं, दोनदा? मशीन तीन. दांडी दाबली तरी थांबत नाही. लिहून घ्या.

म्हणून त्या रडल्या. म्हणून तिनं माझा हात कपाळाला लावला. म्हणून मुकादम पांढरा पडला. म्हणून ती शनिवारी हसत तीन नंबरवर गेली.

शनिवार, २९ मार्च

सकाळी ही न विचारता सांगायला लागली. पाठ माझ्याकडं होती, भांडी घासत होती.

"दांडीला तार बांधतात. पत्र्याच्या आत, उजव्या अंगाला. बाहेरून दिसत नाही. चादरीचं टोक नुसतं घासलं तरी दांडी मशीन थांबवते, मग तासाचा आकडा भरत नाही, बोलणी खावी लागतात. म्हणून तार, म्हणजे दांडी हलतच नाही. आमच्या वेळेपासून आहे. जी रुळलेली असते तिला ठाऊक असतं, ती बोटं जपते. नव्या बाईला कोणी सांगत नाही. मलाही नव्हतं सांगितलं. पुढं मीही नाही सांगितलं."

"तू बांधायचीस?"

"तीन नंबरची मीच बांधायचे." तिनं नळ बंद केला. "तुम्ही त्या दिवशी हाताची नक्कल केलीत ना, तेव्हाच मला कळलं होतं. दांडी मोकळी आहे का म्हणून विचारून मी गप्प बसले. तुम्ही भाषण सुरू केलंत आणि मला सुटल्यासारखं झालं."

चोवीस वर्षं संसार झाला. मी फडकं घेऊन तिनं घासलेली भांडी पुसायला लागलो.

दुपारी युनियन ऑफिसात खजिनदाराला सगळं ऐकवलं. त्यानं दार लावून घेतलं.

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"ही, दुभाषी, मी आणि तू."

"मग असं करू. दहा रेकॉर्डिंग द्यायची. पंधरा तारखेचं नाही."

"पंधरा तारखेचंच तर पाहिजे! बाकीच्या दहांत ती फक्त माझ्याशी बोलते. कंपनी म्हणेल, सेक्रेटरी आमचा अधिकारी नाही, त्याला सांगणं म्हणजे तक्रार नव्हे. मुकादम पर्यवेक्षक आहे. 'कळलं' हे त्याच्या तोंडून फक्त पंधराला आहे."

"आणि त्याच्या आधी तुमच्या तोंडून काय आहे?"

मी रेकॉर्डर खिशात टाकला.

"चार तारखेला मतदान आहे, सेक्रेटरी. मालक हे रेकॉर्डिंग गेटवर भोंग्यावरून वाजवेल. 'अर्थ सांगू नका' म्हणे! लोक हसून हसून लोळतील. संप गेला, युनियन गेली. एका बाईच्या हातापायी सहाशे जणांचा गळा कापणार?"

मी स्वतः असतो तर अगदी असाच बोललो असतो. वाक्यं छान होती. आकडा शेवटी टाकायचा, हे मीच त्याला शिकवलं.

"शिवाय तो हात आता काही परत यायचा नाही," तो हळूच म्हणाला.

रेकॉर्डर घेऊन मी घरी आलो. रस्त्यात दोनदा पंधरा तारखेवर बोट नेलं. पुसायचं बटण लाल असतं आणि ते तीन सेकंद दाबून धरावं लागतं. मी दोन मोजले.

रविवार, ३० मार्च

दुभाषीला घेऊन इस्पितळात गेलो. ही पण आली. वॉर्डातल्या चादरी आमच्याच होत्या, कोपऱ्यावर आमचा शिक्का.

खर्जवाली उशाला टेकून बसली होती. हात कोपराच्या खाली संपला होता आणि त्यावर पांढरी गुंडाळी. मी आयुष्यात पहिल्यांदा भाषण न ठरवता कोणासमोर उभा राहिलो. म्हणालो, "मला तुमची भाषा येत नव्हती. मी विचारलं नाही. मुकादम सांगत होता, मीच त्याला थांबवलं. मी तुमचा आवाज ऐकत होतो."

दुभाषीनं सांगितलं. खर्जवालीनं ऐकून घेतलं. मग ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली, खिडकीकडं बघत. मध्येच एकदा हसली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तोंड फिरवलं.

मला लिहायला लाज वाटते, पण ही वही खोटं लिहायला नाही. आवाज तसाच होता. तोच खर्ज, शेवटी तोच जिना. आणि मला तो अजूनही सुंदर वाटला. मी खाली बघून फरशा मोजत होतो, तरी वाटला.

दुभाषी म्हणाली, "ती म्हणते, मुकादमानं दुरुस्त झालं म्हणून सांगितलं आणि तुम्ही मंचावरून सांगितलं होतंत, म्हणून तिनं विश्वास ठेवला."

"एवढंच? ती एवढं बोलली."

दुभाषी कोर्टातल्यासारखी सरळ उभी राहिली. "बाकीचं सांगू?"

"सांगा."

"ती म्हणते, तिच्या घरी तिच्या आवाजावर कोणी कधी खूश नव्हतं. नवरा म्हणायचा, म्हैस रेकतेय. इथं येऊन एक माणूस डोळे मिटून ऐकतो म्हटल्यावर तिला वाटलं, तिचं दुःख ऐकून त्यानं डोळे मिटले. ती घरी पत्रात लिहिणार होती तुमच्याबद्दल. आता तिला कळत नाही, पत्रात काय लिहावं आणि कुठल्या हातानं."

ही पुढं झाली. खाटेशी बसली आणि स्वतःच्या उजव्या हाताची तर्जनी तिच्यापुढं धरली. त्या बोटाचं टोक जरा चपटं आहे. मी चोवीस वर्षं समजत होतो, जन्मतःच तसं आहे. ही दुभाषीला म्हणाली, "हिला सांगा, तार मी बांधायचे. सगळं सांगा, काही गाळू नका."

खर्जवालीनं ते बोट डाव्या हातात घेऊन पाहिलं. उठून जायची वेळ झाली तरी तिनं ते सोडलं नव्हतं. माफ केलं का, ते मला माहीत नाही. दुभाषीनंही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं कोणी काही बोललंच नव्हतं.

मंगळवार, १ एप्रिल

अकराच्या अकरा रेकॉर्डिंग आज सकाळी चौकशी अधिकाऱ्याकडं दिली, पावती घेतली. दुभाषीनं पान-पान उतरवून सही केली. पंधरा तारखेच्या पानावर माझी वाक्यंही आहेत.

खजिनदारानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहून ठेवलाय, चार तारखेच्या मतदानाआधी वाचून दाखवीन. संपाला मत द्या असंही म्हणेन. लोक माझं ऐकतील की नाही ठाऊक नाही.

पण एक भोक राहतं. त्या सोमवारी अपघातानंतर तासाभरात कोणीतरी तार काढली. आता कंपनी दांडी दाबून दाखवणार, रोलर थांबणार, आणि अधिकारी लिहिणार: मशीन ठीक. आवाज पुरत नाही. तार पाहिलेली माणसं लागतात. ती आमचीच आहेत, युनियनचीच, वीस-वीस वर्षांची. आज दिवसभर मी एकेकाला गाठलं. सगळे म्हणाले, "सेक्रेटरी, आम्हाला यात ओढू नका."

म्हणून हे पत्रक. मी दोन पानं लिहिलं होतं, हिनं कात्रीनं कापून एवढं ठेवलं. दुपारच्या सुट्टीत इस्त्री विभागाच्या दारावर आम्ही दोघांनी चिकटवलं. शेजारी दुभाषीनं तेच त्या आठ जणींच्या भाषेत लिहून दिलेलं.

"इस्त्री विभागातल्या सगळ्यांना.

तासाचा आकडा आपल्या सगळ्यांच्या मानेवर बसलेला आहे. त्याच्या भीतीनं आपण तार बांधली, दुसऱ्यानं बांधलेली पाहिली आणि नव्या बाईला सांगितलं नाही. ती बाई अकरा वेळा सांगत होती. ते मी ऐकलं आणि समजून घेतलं नाही. ही माझी चूक मी चौकशीत सांगणार आहे. माझी बायको तिची सांगणार आहे. आमच्या दोघांच्या सांगण्यानं भागणार नाही.

ज्यानं तीन नंबरची तार कधीही बांधली असेल किंवा पाहिली असेल, त्यानं उद्या बुधवारी सकाळी दहा वाजता ऑफिसच्या वरच्या मजल्यावर चौकशीच्या खोलीत यावं आणि 'तार होती' एवढं आपल्या तोंडानं सांगावं."